मेंढा की लसूण?

रॅम्सबॉटम समोरून येताना दिसला की आमच्या गल्लीतली माणसं मोबाइल कानाला लावतात. पोस्टमन तर तो नजरेआड होईपर्यंत व्हॅनमधून उतरतच नाही. मला मात्र पळता येत नाही, कारण त्याचं घर माझ्या घराला चिकटून आहे आणि मधलं कुंपण कमरेइतकंच आहे. कचऱ्याचा डबा बाहेर काढायला गेलो की तो पलीकडून उगवतो. काखेत निळी फाइल, गळ्यात दोरीला लोंबणारा चष्मा, शर्टाच्या खिशात भिंग. इंग्रज माणूस शेजाऱ्याशी फक्त हवेबद्दल बोलतो असं आपण ऐकलेलं असतं. हा हवेबद्दल अवाक्षर काढत नाही. 'गुड मॉर्निंग'ही नाही. थेट म्हणतो, "सापडली! १८५१मध्ये सापडली!"

कोण सापडली हे विचारायचं नसतं. विचारलं की कचरा तिथेच राहतो आणि गाडी निघून जाते.

वय पंचाहत्तर. सगळी नोकरी नगरपालिकेच्या रस्ते खात्यात झाली. निवृत्त झालेल्या इंग्रजापुढे तीन वाटा असतात : बाग, कुत्रा किंवा पूर्वज. बागेत याला गोगलगायींनी हरवलं, कुत्र्याच्या केसांनी बायकोला शिंका येतात, तेव्हा राहिले पूर्वज. असा एक इसम इंग्लंडच्या गावोगावी असतोच. १९७९पासून त्यांची चक्क एक संस्था आहे, गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज. तिचा सभासद एखादं आडनाव निवडतो आणि जगाच्या पाठीवर ते आडनाव लावणारा जो कोणी जन्मला, लग्नाला उभा राहिला किंवा मेला, त्या सगळ्यांची नोंद जमवत बसतो. स्वतःचे नातेवाईक पुरेनासे झाले की माणूस काय करतो याचं हे उत्तर आहे.

त्याचं खरं आडनाव रॅम्सबॉटम नाही, हे आधीच सांगून टाकतो. खरं छापलं तर येत्या रविवारी तो या लेखाची प्रत घेऊन माझ्या दारात उभा राहील आणि मराठी येत नसतानाही तीत दोन चुका दाखवील. पण मंडळी त्याच गोतावळ्यातली. इंग्लंडच्या वायव्येला, लँकेशायर-चेशायरच्या डोंगराळ पट्ट्यात, या शेपटाची आडनावं पिढ्यान्‌पिढ्या नांदताहेत. साइडबॉटम, लाँगबॉटम, विंटरबॉटम, हिगिनबॉटम, शफलबॉटम. मी रचलेली नाहीत हो! वॉल्टर विंटरबॉटम हा इंग्लंडच्या फुटबॉल संघाचा पहिला मॅनेजर, १९४६ ते १९६२. रायन साइडबॉटम २००७ साली आपल्या फलंदाजांना डाव्या हाताने गोलंदाजी करत होता, त्याचे ते कुरळे केस आठवत असतील. लाँगबॉटमबद्दल हॅरी पॉटर वाचलेल्या घरातल्या पोरांना विचारा.

बॉटम म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. इंग्रज पोरांनाही लागत नाही, आणि म्हणूनच या आडनावाच्या मुलाचं बालपण फार लांबतं. वर्गात हजेरी सुरू झाली की 'आर' यायच्या आधीच मागच्या बाकावर खुसखूस सुरू. रॅम्सबॉटमने ते सगळं भोगलं आहे आणि त्याचा सूड म्हणून तो प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या भेटीतच खुलासा देतो. खुलासा शंभर टक्के बरोबर आहे. जुन्या इंग्रजीत बॉटम म्हणजे खोऱ्याचा तळ, डोंगराच्या कुशीतली सपाट जमीन. साइडबॉटम म्हणजे रुंद खोरं, लाँगबॉटम म्हणजे लांब खोरं. शफलबॉटम तर मेंढ्या धुवायच्या जागेवरून आलेलं. माणूस ज्या खोऱ्यातला, तेच त्याचं नाव. तेराव्या-चौदाव्या शतकांत ही नावं माणसांना चिकटली. आणि बॉटम शब्दाला बसण्याचा तो अर्थ आला कधी? अठराव्या शतकाच्या अखेरीला. म्हणजे साडेचारशे-पाचशे वर्षं ही मंडळी अब्रूने खोऱ्यात राहत होती आणि मग एके दिवशी भाषेनेच त्यांची खोडी काढली.

काही घराण्यांनी 'बॉटम'ऐवजी 'बोथम' असं रूप धरून ठेवलं आणि ते सुटले. १९८०च्या फेब्रुवारीत वानखेडेवरच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत ज्या गड्याने शतकही ठोकलं आणि तेरा बळीही घेतले, त्या इयान बोथमचं आडनाव म्हणजे नुसता खोऱ्याचा तळ, पुढे काही नाही. मी हे वानखेडेचं रॅम्सबॉटमला सांगितलं. वाटलं, क्रिकेटवर बोलेल. त्याने फाइल उघडली, काहीतरी टिपलं आणि म्हणाला, "आमचाच."

हा त्याचा परवलीचा शब्द. सगळे आमचेच. आगगाडीच्या इंजिनाला धावता धावता रुळांमधल्या पन्हाळीतून पाणी उचलायची युक्ती ज्याने १८६०मध्ये काढली, तो टॉडमॉर्डनचा जॉन रॅम्सबॉटम (बॉयलरची एक सुरक्षा-झडप आजही त्याच्या नावाने ओळखली जाते) आमचाच. ब्रिटिश म्युझियममध्ये वनस्पतिविभाग सांभाळणारा आणि भूछत्रांवर जन्मभर लिहिणारा दुसरा जॉन रॅम्सबॉटम, तोही आमचाच. शेक्सपिअरच्या नाटकातल्या ज्या विणकराच्या धडावर गाढवाचं डोकं बसतं, त्याचं नाव बॉटम. त्या बॉटमचा खोऱ्याशी काही संबंध नाही, सूत गुंडाळायच्या रिळाला त्या काळी बॉटम म्हणत, असं मी भीत भीत सांगितलं. "विणकर होता ना? आमचाच."

एकट्या आल्बर्टला मात्र तो ओळख दाखवत नाही. आल्बर्टची कथा अशी : १९३०च्या दशकात मॅरियट एडगर नावाच्या गृहस्थाने एक विनोदी पद्यकथन लिहिलं आणि स्टॅन्ली हॉलोवे या नटाने ते लँकेशायरी हेलात म्हणून देशभर गाजवलं. त्यात मिस्टर आणि मिसेस रॅम्सबॉटम आपल्या आल्बर्टला घेऊन ब्लॅकपूलला जातात, प्राणिसंग्रहालयात पोरगं झोपलेल्या सिंहाच्या कानात काठी खुपसतं आणि सिंह त्याला गिळतो. सिंहाचं नाव वॉलेस. झालं! तेव्हापासून या आडनावाच्या माणसाने कुठेही नाव सांगितलं की समोरचा विचारतो, सिंह काय म्हणतोय? रॅम्सबॉटम चेहरा लाकडासारखा करतो आणि म्हणतो, "ते काल्पनिक पात्र आहे." गाढवाचं डोकं चालतं, सिंहाचं पोट चालत नाही.

या सगळ्यामागचं दुखणं वेगळंच आहे. त्याला पूर्वज हवा आहे, पण तो घोड्यावर बसलेला. १०६६ साली नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंडवर चालून आला आणि हेस्टिंग्जला जिंकला, तेव्हा त्याच्याबरोबर आपला कोणीतरी होता, अशी या देशातल्या निम्म्या निवृत्त लोकांची खात्री आहे. सगळ्यांचे पूर्वज खरोखर आले असते तर गलबतं खाडीतच बुडाली असती. त्या लढाईत होता असं भक्कम पुराव्याने ज्याच्याबद्दल सांगता येतं, अशी नावं जेमतेम वीसच्या घरातली. बॅटल ॲबी या मठातली म्हणून एक लांबलचक यादी फिरते खरी, पण तिच्या राहिल्यात त्या नकला, सोळाव्या शतकातल्या नि त्यानंतरच्या, आणि त्यांत मागाहून कोणाकोणाची वर्णी लागली आहे ते सगळ्या अभ्यासकांना ठाऊक आहे.

बरं, रॅम्सबॉटम हे नाव अस्सल इथल्या मातीतलं. ते नाव असलेलं गाव आमच्यापासून बसने तासाभरावर, बरी शहराच्या उत्तरेला, अर्वेल नदीच्या काठी. तिथे दरवर्षी सप्टेंबरात रक्ताचं काळं सॉसेज फेकून उंचावर रचलेली यॉर्कशायर पुडिंगं पाडायची जागतिक स्पर्धा भरते. रॅम्सबॉटम ती स्पर्धा बघायला नेमाने जातो, त्या गावात तिकीट काढून उतरतो, पाटीखाली उभं राहून फोटो काढतो, आणि घरी येऊन नॉर्मंडीचा नकाशा उघडतो. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

एकदा त्याला एका जुन्या करयादीत 'डे रॅम्सबॉटम' सापडला. त्या दिवशी त्याने माझ्या दाराची बेल दाबली ती सोडलीच नाही. 'डे'! फ्रेंच सरदारांचा 'डे'! आता यावर काय बोलणार? मध्ययुगातले कारकून सगळं लॅटिनमध्ये लिहीत, आणि लॅटिन 'डे' म्हणजे फक्त अमुक गावचा. मेंढपाळही 'डे', लोहारही 'डे', मेंढपाळाच्या मेंढ्या चोरणाराही 'डे'. कर वसूल करताना कोणता टॉमस, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. इंग्लंडमधल्या सामान्य माणसांना वंशपरंपरेची आडनावं लागली त्यात सरकारी यादीचा वाटा मोठा आहे. सरदार-दरकदारांनी ती आधी जमिनीच्या वारशासाठी घेतली, बाकीच्यांना मिळत गेली, आणि साधारण १४००पर्यंत बहुतेक घरांत ती स्थिरावली. १३७९च्या डोईपट्टीच्या याद्यांत माणसं ओळीने सापडतात. पुढे दोनच वर्षांनी, तशाच आणखी एका पट्टीवरून शेतकऱ्यांनी उठाव केला, त्याचा पुढारी वॉट टायलर. टायलर म्हणजे कौलं घालणारा. यातलं काहीही रॅम्सबॉटमला ऐकायचं नव्हतं. पालथ्या घड्यावर पाणी. तो तिथेच उभा राहून 'डे'वर बोट फिरवत राहिला.

त्याची बायको हुशार. तिने त्या नाताळात त्याला टॉमस हार्डीची 'टेस' भेट दिली. त्या कादंबरीत एका गरीब खेडवळाला एक पाद्री सहज सांगून जातो की बाबा रे, तुमचं डर्बीफिल्ड हे आडनाव म्हणजे डर्बरव्हिल या थोर सरदार घराण्याचा अपभ्रंश आहे. आणि तेवढ्या एका वाक्यापायी त्या कुटुंबाची धूळधाण होते. बायकोचा हेतू उघड होता. पण पाद्री ते वाक्य पहिल्याच प्रकरणात बोलतो. रॅम्सबॉटमने पहिलं प्रकरण वाचलं, हवं ते मिळालं, पुस्तक मिटलं. "अगदी माझ्यासारखीच केस," असं त्याने मला कुंपणावरून सांगितलं. पुढे काय झालं ते त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.

ही बाई माहेरची स्मिथ. याचं तिला केवढं सुख आहे! इंग्लंडात सगळ्यांत जास्त माणसं याच आडनावाची. कोणत्या स्मिथचा कोण, ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. रॅम्सबॉटमने लग्नानंतर तिचीही वंशावळ काढायला घेतली होती, ती दोन पिढ्यांत गर्दीत हरवली. "बिचारी," तो हळहळतो. बिचारी शांतपणे शब्दकोडं सोडवत असते.

मग आलं मानचिन्ह. समुद्रकाठच्या एका दुकानात आडनाव सांगितलं की यंत्रातून ढाल छापून मिळते. याला मिळाला हिरव्या ढालीवर सोन्याचा मेंढा, कारण रॅम म्हणजे मेंढा. त्याने ते चहाच्या मगवर घेतलं, टायवर घेतलं, पायपुसण्यावर घेतलं आणि ताटं पुसायच्या फडक्यावरही घेतलं. खरं पाहता इंग्लंडात आडनावाला मानचिन्ह नसतंच. ते एका माणसाला मिळतं आणि त्याच्या वंशात उतरतं, आणि ते देणारी कचेरी, कॉलेज ऑफ आर्म्स, लंडनमध्ये १४८४पासून हेच काम करते आहे. शेक्सपिअरच्या बापालाही, जो हातमोजे शिवायचा, १५९६ साली तिथे अर्ज करूनच ढाल घ्यावी लागली. तिच्यावरून शेक्सपिअरची नाटकवाल्यांत टिंगल झाली ती निराळी. हे मी त्याला सांगितलं नाही. त्या वेळी मिसेस रॅम्सबॉटम त्या मेंढ्याने माझाच मग पुसत होत्या.

पण मेंढ्यावर संकट आलं ते दुसरीकडून. मी वाचनालयात बसून सहज इंग्रजी गावनावांचं एक पुस्तक चाळत होतो. त्यात दिसलं की रॅम्सबॉटममधल्या पहिल्या तुकड्याबद्दल विद्वानांत दोन मतं आहेत. एक मत मेंढ्याचं. दुसरं मत असं की तो जुना शब्द 'ह्रॅम्सा', म्हणजे रानलसूण. या भागातल्या ओढ्यांच्या काठी एप्रिल-मेमध्ये रानलसणाची पांढरी फुलं दाट पसरतात आणि सगळं रान फोडणीला टाकल्यासारखं घमघमतं. ज्याने कोणी त्या खोऱ्याला नाव दिलं त्याला मेंढ्याआधी वासच भेटला असेल, असं माझं मत.

अडचण अशी की रॅम्सबॉटमला लसूण वर्ज्य. तो जुन्या वळणाचा लँकेशायरी. उकडलेला बटाटा आणि मटण-कांद्याचा रस्सा, यापलीकडे त्याच्या जिभेने कधी सीमोल्लंघन केलेलं नाही. आमच्याकडे वांग्याच्या भरताला फोडणी बसली की पलीकडची खिडकी धाडकन बंद होते. त्या माणसाला त्याच्या नावातच लसूण आहे हे सांगायचं कसं? मी सांगितलं. अर्धा मिनिट तो काही बोलला नाही.

"दोन मतं आहेत, म्हणालात?"

"हो."

"मग मी मेंढ्याच्या बाजूने."

तरी त्याचा प्रामाणिकपणा बघा. त्या पानाची झेरॉक्स त्याने फाइलमध्ये लावली, प्लास्टिकच्या पाकिटात, पण पाठ वर करून. आणि मिसेस रॅम्सबॉटमनी पुढच्या हिवाळ्यात कुंपणाच्या कडेने रानलसणाचे कंद लावले. ते असे माजले की आता गोगलगायीसुद्धा तिकडे फिरकत नाहीत. उपटून टाका, असं मी एकदा सुचवलं. "राहू दे," तो म्हणाला, "पुराव्याला लागेल."

मध्यंतरी त्याचं लक्ष माझ्या आडनावावर गेलं. देशमुख म्हणजे काय, म्हणून विचारलं. मी बेसावधपणे सांगून टाकलं की परगण्याचा प्रमुख, वसुली करणारा वतनदार. झालं. त्याच आठवड्यात पबमध्ये त्याने माझी ओळख 'इंडियातले एक काउंटी लॉर्ड' अशी करून दिली. आमचे वडील जिल्हा परिषदेत कारकून होते आणि वतनापैकी आमच्या वाट्याला आलाय तो अमरावतीकडच्या एका विहिरीचा भाऊबंदकीतला सोळावा हिस्सा. पण पबमधल्या म्हाताऱ्यांनी उठून हात मिळवले. रॅम्सबॉटमच्या चेहऱ्यावर एक विचित्र भाव होता. आयुष्यभर सरदार शोधला, तो निघाला शेजारी, तोही कचऱ्याचा डबा ओढत!

त्याच्या शोधाचा पाया मात्र पक्का आहे, हे कबूल केलं पाहिजे. १५३८मध्ये टॉमस क्रॉमवेलने फर्मान काढलं की दर चर्चने बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं वहीत मांडावीत. १८३७च्या जुलैपासून जन्म, विवाह, मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली. १८४१पासून जनगणनेत घरोघरची नावं आली. तीत पंधरा वर्षांवरच्या माणसाचं वय पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहायची सूचना होती, त्यामुळे बायका दहा वर्षांत चौदा वर्षांनी म्हाताऱ्या झालेल्या दिसतात आणि रॅम्सबॉटम रात्र रात्र बेरजा करत बसतो. हे सगळे कागद त्याला तोंडपाठ आहेत. गणना करणाऱ्याच्या अक्षरावरून तो सांगतो, हा मास्तर असणार, हा दारू पिऊन आला होता.

तर ती १८५१मध्ये सापडली ती त्याची खापरपणजी. वय ११. धंद्याच्या रकान्यात 'पीसर', म्हणजे सूतगिरणीत कताईयंत्रावर वाकून तुटलेले धागे जोडणारी पोर. १८६१मध्ये ती विणकर. आणि मग तिचं नाव मिळतं ते थेट गरिबांना वाटलेल्या मदतीच्या यादीत. कारण त्याच साली अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला. 'कॉटन फॅमिन' म्हणतात त्याला इथे. इकडे चुली विझल्या, तिकडे मुंबईत कापसाच्या पैशाने शेअरबाजाराला भरतं आलं आणि १८६५ला लढाई संपताच सगळं कोसळलं. त्या चार वर्षांत इथल्या गिरण्या चालल्या त्या मुख्यतः आपल्याकडच्या कापसावर. पश्चिम हिंदुस्थानातून आलेला सगळा कापूस इथे 'सुरत' या एकाच नावाने ओळखत, मग तो खानदेशचा असो की वऱ्हाडचा. आखूड धाग्याचा, कचरा असलेला. सारखा तुटायचा. विणकराला पैसे कापडावर, धागा जोडण्यावर नाही. इथली माणसं सुरतच्या नावाने बोटं मोडत.

हे मला कुंपणाशी ऐकवून झाल्यावर रॅम्सबॉटमने चष्मा काढला आणि विचारलं, "तुमचं गाव कुठलं म्हणालात?"

"वऱ्हाडातलं."

"कापूस?"

"दुसरं काही पिकत नाही."

"तुमचा धागा तुटायचा," तो म्हणाला. एकशे साठ वर्षं झाली, पण असा म्हणाला की जणू गाठोडं मीच आदल्या आठवड्यात उतरवून गेलो होतो. मी वऱ्हाडातर्फे दिलगिरी व्यक्त केली. त्याने ती मोठ्या मनाने स्वीकारली आणि तारखेसह फाइलमध्ये टिपली.

त्याच्या घरात जिन्याच्या भिंतीवर वंशवृक्ष लावला आहे. तिथे त्या खापरपणजीच्या नावापुढे १८६२ सालासाठी 'पॉपर', म्हणजे धर्मादायावर जगणारी, असं यायला हवं होतं. त्याने आपल्या नगरपालिकी अक्षरात लिहिलं आहे : वय २२, निवृत्त.

खरा घाव मात्र तिच्या मुलाच्या जन्मदाखल्याने घातला. पैसे भरून मागवलेला दाखला आला, त्यात आईचं नाव ठसठशीत, आणि बापाच्या रकान्यात एक आडवी रेघ. म्हणजे रॅम्सबॉटम हे आडनाव आईचं. पुरुषांच्या बाजूने पाहिलं तर हा रॅम्सबॉटम नव्हेच! त्याने थुंकी कुपीत भरून डीएनए तपासायला पाठवली. उत्तर आलं. दुसऱ्या कुठल्याही रॅम्सबॉटमशी जुळत नाही. जुळणारे पुरुष निघाले ते भलभलत्या आडनावांचे, त्यांतला एक ओहायोत ट्रक चालवणारा. इंजिनवाला गेला, भूछत्रवाला गेला, बोथम गेला, सगळे आमचे एका ईमेलमध्ये परके झाले.

दोन दिवस तो कुंपणाशी आला नाही. मला करमेना. तिसऱ्या दिवशी उगवला तो ब्रायन साइक्सचा आधार घेऊन. साइक्स हे ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ होते. त्यांनी २०००मध्ये स्वतःच्याच आडनावाच्या पुरुषांची तपासणी छापली होती. साइक्स हे आडनाव यॉर्कशायरकडच्या ओढ्यावरून आलेलं, आणि तपासलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचं वाय गुणसूत्र एकाच मूळ पुरुषाकडे जात होतं. शास्त्रज्ञांना यात आश्चर्य वाटलं ते निम्मे जुळल्याचं. रॅम्सबॉटमला दिलासा मिळाला तो निम्मे न जुळल्याचा. "बघा! निम्मे साइक्स माझ्यासारखेच!"

"दूधवाल्याचे," आतून मिसेस रॅम्सबॉटम म्हणाल्या.

कायदाही त्याच्या बाजूने आहे म्हणा. इंग्लंडात फसवणुकीचा हेतू नसला तर माणूस हवं ते आडनाव लावू शकतो. १८६२ साली जोशुआ बग अशा नावाच्या माणसाची वर्तमानपत्रात जाहिरात आली, की यापुढे मला नॉर्फोक हॉवर्ड म्हणावं. बग म्हणजे ढेकूण, आणि हॉवर्ड हे नॉर्फोकच्या ड्यूकचं आडनाव. लोकांनी काय करावं? लंडनभर ढेकणांनाच नॉर्फोक हॉवर्ड म्हणायला लागले. त्यापेक्षा आमच्या शेजाऱ्याचं आडनाव शंभर पटीने सरळ मिळालेलं आहे. ज्या पोरीने अकराव्या वर्षापासून धागे जोडले, तिने एकटीने मूल वाढवलं आणि त्याला स्वतःचं नाव दिलं. घोड्यावरच्या कुठल्याही 'डे'पेक्षा माझ्या मते हा वारसा भारी आहे. रॅम्सबॉटमला हे मी बोलून दाखवलं नाही, कारण त्याने हल्ली आईच्या बाजूची नवी फाइल उघडली आहे, हिरवी, आणि तिच्या पहिल्या पानावर तोच सोन्याचा मेंढा डकवला आहे.

सध्या त्याचं घोडं अडलंय ते सरकारपाशी. जनगणनेचे कागद शंभर वर्षांनी खुले होतात. १९२१ची गणना २०२२च्या जानेवारीत खुली झाली, त्या रात्री बारा वाजता त्याच्या खोलीत दिवा होता. १९३१चे कागद १९४२मध्ये हेझ इथल्या गोदामाला आग लागून जळाले. १९४१मध्ये युद्धामुळे गणना झालीच नाही. राहिली १९५१ची. तीत तो स्वतः आहे, वय आठ महिने. ती नियमाप्रमाणे २०५२ साली खुली होईल. तेव्हा तो एकशे एक वर्षांचा असेल, म्हणून त्याने ते काम माझ्यावर सोपवलं आहे आणि तसं लेखी घेतलं आहे. आडनावात 'टी' दोन आहेत की एक, एवढं फक्त बघायचं.